आत राहिलेला अर्धा बोल्ट

बोल्ट तुटायच्या आधी हाताला ते कळतं. पाना जड लागत असतो, जोर वाढवला की तो थोडा फिरतो आणि फिरता फिरता एकदम हलका वाटू लागतो. नवख्याला वाटतं, सुटला. मुरलेला फिटर मात्र तिथेच हात काढून घेतो. जाम झालेला बोल्ट खरोखर सुटतो तेव्हा बहुधा ‘कट्’ असा कोरडा आवाज येतो, आट्यांत धरलेला गंज फुटल्याचा. आवाज न होता पाना नुसताच मऊ पडला, तर आट्यांची पकड तशीच आहे आणि मधलं पोलाद पिळवटू लागलं आहे असं समजायचं. पुढच्या पाव फेऱ्यात बोल्टचं डोकं पान्याच्या गोटीत येतं आणि उरलेला अर्धा बोल्ट इंजिनात राहतो.

घरी गाडीचं काम करणाऱ्या माणसाला यापेक्षा वाईट क्षण नाही. गाडी अर्धी उघडलेली, कूलंट बादलीत काढलेलं, दुसऱ्या दिवशी कामावर जायचं आणि हातात नुसतं बोल्टचं डोकं. या क्षणी जे केलं जातं त्यावर पुढचा खर्च ठरतो. काही रुपयांत निपटणारं काम हेड उतरवण्यापर्यंत जातं ते बोल्ट तुटल्यामुळे कमी आणि तुटल्यानंतरच्या घाईमुळे जास्त, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की या लेखाचं कारणच ते आहे.

हे लिहायला नाशिकसारखं गाव नाही. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली आणि त्याच दशकात सातपूरची वसाहत उभी राहू लागली. १९६३ च्या पोटनिवडणुकीत तेव्हाचे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध गेले, आणि १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना आला. महिंद्राची बोलेरो आणि २००२ साली आलेली स्कॉर्पिओ इथल्याच कारखान्यातून बाहेर पडली, इगतपुरीला त्यांचीच इंजिनं बनतात, आणि डिझेल इंजिनाचे नोझल-इंजेक्टर घडवणारा बॉशचा, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘मायको’चा कारखाना सातपूरला आहे. सिडको, अंबड, सातपूर या भागांत घरात कुणीतरी फिटर, टर्नर किंवा क्वालिटीत काम करणारं असतंच, आणि पलंगाखाली टूलबॉक्सही असतो. रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडून उभी असलेली गाडी इथे नवलाची नाही.

अशाच एका रविवारची गोष्ट. इंदिरानगरमधल्या आमच्या एका शेजाऱ्यांची गाडी थंडीत लवकर तापत नव्हती आणि घाटात जास्त तापत होती. थर्मोस्टॅट बदलायचा ठरला. काम सोपं आहे: रेडिएटरची वरची नळी काढायची, ॲल्युमिनियमच्या घराचे दोन बोल्ट सोडायचे, जुना थर्मोस्टॅट काढून नवा बसवायचा, पॅकिंग नवं टाकायचं. पहिला बोल्ट निघाला. दुसरा आटे सुरू होतात तिथेच, छिद्राच्या तोंडापासून दोन-तीन मिलिमीटर आत तुटला. सहा मिलिमीटरचा बोल्ट, दहा नंबरचा पाना लागतो तो.

तो तिथेच का तुटावा? बोल्ट पोलादाचा, घर ॲल्युमिनियमचं आणि दोघांमध्ये पाणी. दोन वेगळे धातू आणि क्षार असलेलं पाणी एकत्र आलं की त्यांची लहानशी बॅटरी तयार होते आणि त्यात ॲल्युमिनियम खर्ची पडतं. त्याचा पांढरा भुगा मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो. आट्यांमधली बारीक फट त्याने गच्च भरते आणि बोल्ट चारी बाजूंनी आवळला जातो. कूलंटमध्ये गंजरोधक द्रव्यं असतात, ती हे थांबवतात. पण त्यांनाही वय असतं, ठराविक वर्षांनी कूलंट बदलावंच लागतं. आपल्याकडे ते करण्याऐवजी पातळी कमी दिसली की बोअरचं पाणी ओतलं जातं. पंपावरचा पोरगा ओततो, प्रवासात आपणही ओततो. शेजाऱ्यांच्या गाडीतलं पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं. तुटलेल्या तुकड्याच्या आट्यांत तो पांढरा भुगा नखाने खरवडून निघत होता.

एक्झॉस्टच्या स्टडची तऱ्हा वेगळी. तिथे पाणी नाही, तर उष्णता आहे. एक्झॉस्टचा वायू सहाशे-सातशे अंशांपर्यंत तापतो. निफाडच्या बाजूला जानेवारीत पहाटे पारा एक आकडी असताना गाडी सुरू केली की तो स्टड थोड्याच वेळात शेकडो अंश वर जातो, आणि संध्याकाळी पुन्हा खाली येतो. अशी वर्षानुवर्षं ताणली-सैलावलेली धातूची कांडी गंजून बारीकही झालेली असते. ती पान्याला न तुटली तरच आश्चर्य.

आता जोराचा हिशेब. मला तो फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो एकदा डोक्यात बसला की हात आपोआप आवरतो. ८.८ प्रतीचा सहा मिलिमीटरचा बोल्ट साधारण दहा न्यूटन-मीटरने आवळायचा असतो. म्हणजे वीतभर पान्याच्या टोकाला पाच किलोचा जोर, बस्स. आता त्याच बोल्टवर लांब हँडल लावून किंवा पान्यात पाईप घालून अर्ध्या मीटरवरून वीस किलोचा जोर दिला तर ते अठ्ठ्याण्णव न्यूटन-मीटर होतात, जवळजवळ दहापट. देणाऱ्याला मात्र आपण फार जोर लावला असं वाटतही नाही. शिवाय पान्यावर लावलेल्या जोरातला सुमारे निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांच्या घर्षणात जातो, आणि दोन भाग एकमेकांवर दाबून धरायला जेमतेम दहा टक्के उरतो. आटे गंजले की घर्षणाचा वाटा भरमसाट वाढतो आणि सगळा पीळ बोल्टच्या दांड्यालाच सोसावा लागतो. आठ आणि दहा मिलिमीटरचे बोल्ट बरंच सहन करतात. सहाचा करत नाही. इंजिनाच्या अंगावर मात्र सहाचेच बोल्ट जास्त असतात.

तुटल्यावर पहिलं काम म्हणजे काही न करणं. गाडी थंड होऊ द्यावी, उजेड आणावा, तुटलेली जागा ब्रशने आणि ब्रेक क्लीनरने स्वच्छ करावी आणि नीट पाहावं. तुकडा बाहेर डोकावतोय, बरोबरीत आहे की आत आहे? तुटलेलं तोंड सपाट आहे की तिरकं? बोल्ट आरपार जातो की छिद्र आतून बंद आहे? बंद छिद्रात जास्त ठोकलं तर तळ फुटून नवंच काम वाढतं. मग आट्यांत मुरणारं तेल सोडावं आणि त्याला वेळ द्यावा. या तेलाला तासभर नव्हे, रात्रभराचा वेळ लागतो. अधूनमधून हलक्या हातोडीने तुकड्याच्या तोंडावर टकटक केलं तर तेल फटीत उतरतं. आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा डब्ल्यूडी-४० हा मुळात पाणी हटवण्यासाठी १९५३ मध्ये अमेरिकेत बनवलेला फवारा आहे. काम करतो, पण जाम बोल्टसाठी खास बनवलेलं तेल त्याहून सरस.

उष्णतेचा उपयोग कुठे होतो हेही समजून घ्यावं. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. ॲल्युमिनियमचं घर शंभर अंशांनी तापलं तर सहा मिलिमीटरचं छिद्र बोल्टपेक्षा सात मायक्रॉन जास्त मोठं होतं, म्हणजे केसाच्या जाडीचा दहावा हिस्सा. ऐकायला काहीच नाही, पण आट्यांत अडकलेला भुगा सैल व्हायला तेवढं पुरतं. बिडाच्या ब्लॉकमध्ये हा फायदा मिळत नाही, कारण बीड आणि पोलाद जवळजवळ सारखंच फुगतात. तिथे तापवून थंड होऊ देणं, पुन्हा तापवणं आणि गरम असताना मेण लावणं हा जुना उपाय आहे. पातळ झालेलं मेण आट्यांत ओढलं जातं. पेट्रोलची नळी, बॅटरी आणि प्लास्टिक जवळ असताना ज्योत वापरायची नाही, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

तुकडा थोडा जरी बाहेर असेल तर ग्रिप पक्कड, किंवा दोन बाजू कानशीने सपाट करून पाना, किंवा दोन नट एकमेकांवर आवळून खालचा नट फिरवणं, यातलं काहीतरी चालतं. तुकडा बरोबरीत किंवा थोडा आत असेल तर माझ्या मते सगळ्यांत चांगला मार्ग वेल्डिंगचा. चांगला वेल्डर तुकड्याच्या तोंडावर ठिपक्या-ठिपक्याने धातू चढवत वर आणतो, त्यावर वायसर आणि मग नट ठेवून आतून वेल्ड करतो. नट लाल असेपर्यंत थांबतो, लाली गेली की पाना लावून पुढे-मागे हलवतो. या पद्धतीत दोन कामं एकदम होतात: पकडायला नवं डोकं मिळतं आणि तुकडा आतून तापून आट्यांतली पकड फुटते. घर ॲल्युमिनियमचं असलं तर आणखी एक सोय, पोलादाचा वेल्ड ॲल्युमिनियमला धरत नाही. पहिला नट तुटून आला तर दुसरा लावायचा, तिसरा लावायचा. नाशिकच्या द्वारका परिसरातल्या गॅरेजांत हे काम रोजचं आहे. गाडीवरच वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरी सोडायची, अर्थिंगची क्लिप कामाच्या अगदी जवळ लावायची, भोवती ओलं फडकं ठेवायचं आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवायचा.

शेजाऱ्यांनी वेल्डरकडे जाण्याआधी ड्रिल हातात घेतलं. यात चूक असं काही नव्हतं. ड्रिलिंगचा रस्ताही खराच आहे. पण तो तेव्हाच खरा, जेव्हा छिद्र अगदी मध्यावर पडतं. तुटलेलं तोंड खडबडीत असतं, त्यावर बिट घसरतो. पोलाद कडक आणि शेजारचं ॲल्युमिनियम मऊ, म्हणून बिट नेहमी मऊ बाजूकडे सरकू पाहतो. त्यासाठी तोंड सपाट करायचं, सेंटर पंचाने ठळक खूण करायची, तीनच्या बिटने सुरुवात करायची, तेल देत आणि हळू फिरवत. उलट्या पिळाचे ड्रिल बिट मिळाले तर घ्यावेत. ते उलटे फिरत कापतात, त्यामुळे कधी कधी भोक पाडता पाडताच तुकडा बाहेर येतो. ही वस्तू कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही, मागवावी लागते, पण घरी काम करणाऱ्याच्या पेटीत ती असायला हवी असं माझं ठाम मत आहे.

आणि मग येते ईझी-आउट. उलट्या पिळाची, निमुळती, दिसायला टॅपसारखी. भोकात घालून उलटी फिरवली की ती तुकड्यात रुतते आणि तुकडा घेऊन बाहेर येते, अशी कल्पना. सैल तुकड्याला ती चालते. जाम तुकड्याला चालत नाही, आणि हे कुणी विकताना सांगत नाही. विचार करा: आख्खा सहा मिलिमीटरचा बोल्ट ज्या पिळाने तुटला, तोच पीळ आता तीन मिलिमीटरच्या भोकातल्या कांडीने द्यायचा आहे. शिवाय ही कांडी फार कडक, म्हणजेच ठिसूळ. वर तिच्या निमुळतेपणामुळे तुकडा आतून फुगतो आणि आट्यांत आणखी घट्ट बसतो. ती तुटते. तुटली की भोकात आता साधा ड्रिल ज्याला ओरखडाही काढू शकत नाही असं पोलाद बसलेलं असतं. शेजाऱ्यांच्या थर्मोस्टॅटच्या घरात हेच झालं. सहा मिलिमीटरच्या जाम बोल्टसाठी घरच्या घरी ईझी-आउट वापरूच नये. चौकोनी निमुळता पंच भोकात ठोकून फिरवण्याची आयटीआयमधली जुनी रीतसुद्धा त्यापेक्षा बरी, कारण तो पंच तुटण्याआधी भोकात नुसता घसरतो.

सुदैवाने ते ॲल्युमिनियमचं घर हेडपासून सुटं होतं. काढून पिशवीत घातलं आणि अंबडला नेलं.

अंबडच्या वसाहतीत मोठ्या कारखान्यांच्या मागच्या गल्ल्यांमध्ये प्रेसची डाय आणि मोल्ड बनवणाऱ्या लहान टूलरूम आहेत. तिथे कडक पोलाद ‘जाळायचं’ यंत्र असतं, स्पार्क इरोजन किंवा बोलीत नुसतं ‘स्पार्क’. यंत्राच्या तळाशी टाकी, टाकीत तेल, त्यात बुडवलेलं आपलं काम, आणि वरून हळूहळू खाली येणारी तांब्याची बारीक कांडी. कांडी आणि पोलाद एकमेकांना कधीच टेकत नाहीत. मध्ये केसापेक्षाही बारीक फट राहते, आणि त्या फटीत सेकंदाला हजारो ठिणग्या उडतात. प्रत्येक ठिणगी पोलादाचा सूक्ष्म कण वितळवते, तेल तो वाहून नेतं. पोलाद किती कडक आहे याला इथे महत्त्व नाही. त्यातून वीज वाहिली की झालं. तेलाचे बुडबुडे, रॉकेलसारखा वास आणि एकसुरी करकर. त्या कामात ऑपरेटरचं सगळं कौशल्य सुरुवातीलाच पणाला लागतं: कांडी बरोबर मध्यावर आणि उभी सरळ लावण्यात. पुढचं यंत्र करतं. मध्यभाग जळून गेला की आट्यांत अडकलेलं पोलादाचं पातळ कवच उरतं, ते सुईसारख्या अवजाराने वेटोळ्यासारखं उचलून काढतात, आणि मग सहाचा टॅप हाताने फिरवून आटे स्वच्छ करतात.

या यंत्राचा जन्मही ठिणगीच्या त्रासातूनच झाला. १९४३ मध्ये सोव्हिएत संघात बोरिस आणि नताल्या लाझारेंको या शास्त्रज्ञ दांपत्याकडे एक काम होतं: ठिणग्यांमुळे टंगस्टनचे विद्युत पॉइंट झिजतात, ती झीज थांबवायची. जुन्या गाड्यांच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये कानशीने घासून सारखे करावे लागणारे पॉइंट ज्यांना आठवतात त्यांना हा त्रास माहीत आहे. झीज त्यांना थांबवता आली नाही. पण पॉइंट तेलात बुडवले की झीज ताब्यात राहते आणि हवी तेवढीच करता येते हे त्यांच्या लक्षात आलं. त्यातून निघालेल्या यंत्रावर आज जगभरचे मोल्ड बनतात, आणि अंबडमध्ये इंदिरानगरच्या एका गाडीचं थर्मोस्टॅटचं घर वाचलं. नवं घर मागवून यायची वाट पाहावी लागली असती. जाळण्याचं काम त्याच दिवशी झालं.

बोल्ट हेडमध्ये किंवा ब्लॉकमध्ये असता तर गोष्ट इतकी सरळ नव्हती. मग गाडीवर आणता येणारं लहान स्पार्क यंत्र शोधावं लागतं, नाहीतर हेड उतरवावं लागतं. म्हणून पुन्हा सांगतो, ईझी-आउट हातात घेण्याआधी हा हिशेब करावा.

आटेच गेले असतील तर दोन मार्ग. वरचा साइज मारायचा, म्हणजे सहाच्या जागी आठचे आटे पाडायचे, हा गॅरेजातला आवडता मार्ग आहे. मला तो पटत नाही. आधीच पातळ असलेली ॲल्युमिनियमची भिंत त्याने आणखी पातळ होते आणि समोरच्या भागातलं छिद्रही मोठं करावं लागतं. त्यापेक्षा हेलिकॉइल बसवावी: स्टेनलेस स्टीलच्या, पत्त्यांतल्या चौकटीसारख्या छेदाच्या तारेचं वेटोळं, जे खास टॅपने पाडलेल्या आट्यांत बसतं आणि आत पुन्हा मूळ सहाचेच आटे मिळतात. नीट बसवलेली हेलिकॉइल ॲल्युमिनियममध्ये मूळ आट्यांपेक्षा मजबूत ठरते.

नव्या बोल्टबाबतही हयगय नको. ‘त्याच्यासारखाच’ बोल्ट डोळ्यांनी जुळवून घेण्याची आपली सवय धोक्याची आहे. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची समोरची काच हवेत निघाली आणि कॅप्टन अर्धा खिडकीबाहेर ओढला गेला. तो वाचला, हे त्याचं आणि त्याला धरून ठेवणाऱ्या सहकाऱ्यांचं नशीब. आदल्या दिवशी बसवलेल्या त्या काचेच्या नव्वद बोल्टांपैकी चौऱ्याऐंशी बोल्ट अर्ध्या मिलिमीटरहून थोडेसे जास्त बारीक होते. जुन्या बोल्टशी नजरेने ताडून ते घेतले होते. गाडीचं इंजिन विमान नव्हे, पण आटे दोन्हीकडे सारखेच वागतात. डोक्यावरचा आकडा वाचावा: ८.८ म्हणजे सुमारे ८०० मेगापास्कल ताणशक्ती आणि तिच्या ८० टक्क्यांवर पोलाद कायमचं ताणलं जायला सुरुवात होते. लांबी मोजावी. आट्यांचा पीच गेजने पाहावा. सिलिंडर हेडचे बोल्ट बऱ्याच आधुनिक गाड्यांत एकदाच वापरायचे असतात, ते परत लावू नयेत. पाण्याच्या जागी बसणाऱ्या बोल्टच्या आट्यांना अँटी-सीझ लावावं, पण वंगण लागलं की त्याच जोरात बोल्ट जास्त आवळला जातो हे लक्षात ठेवून हात आखडता घ्यावा. आणि टॉर्क रेंच घ्यावा. गाडीच्या एका सर्व्हिसिंगच्या पैशांत तो येतो आणि वर्षानुवर्षं टिकतो.

त्र्यंबक रोडवरच्या सातपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये फिटर ट्रेड दोन वर्षांचा आहे. तुटलेला स्टड आणि तुटलेला टॅप कसा काढायचा हा धडा त्या अभ्यासक्रमात आहे. त्यातल्या रीती पुस्तकात नावानिशी दिल्या आहेत, पण पाना कुठल्या क्षणी मऊ पडतो, वेल्ड केलेला नट किती थंड झाल्यावर फिरवायचा, हे पुस्तकात येत नाही. ते सातपूर-अंबडमध्ये आयुष्य घालवून निवृत्त झालेल्या माणसांच्या हातात आहे. त्यातले कित्येक जण आज सिडकोतल्या घरी बसून आहेत. त्यांना माझी विनंती आहे की हे मराठीत सांगा, मोबाइलवर चित्रित करू द्या, शेजारच्या पोराला रविवारी बोलावून दाखवा. आणि कारखाने-संस्था चालवणाऱ्यांनी त्यांना वर्गात बोलवावं, मानधन द्यावं.

घरी काम करणाऱ्यांना शेवटचं सांगणं. तुटलेलं डोकं फेकू नका, ते आणि शेजारचा आख्खा बोल्ट दोन्ही सोबत न्या. त्यावरून साइज, पीच आणि तुकड्याची उरलेली लांबी कळते. आणि मिस्त्रीपुढे ठेवताना आधी काय काय करून झालं ते सगळं सांगा: किती खोल ड्रिल केलं, कुठल्या बाजूला घसरलं, ईझी-आउटचं टोक आत आहे का. लाजेने ते लपवलं जातं आणि मग मिस्त्रीचा नवा बिट त्या टोकावर तुटतो. टोक आत असेल तर ते पहिल्या वाक्यात सांगा.